बाबांच्या संगणकातली दुसरी पट्टी

बाबांचा संगणक पहिल्यांदा अडखळला त्या दिवसाची नोंद माझ्याकडे आहे. मी वह्या ठेवते. घराची एक, शाळेच्या कचेरीतल्या कामाची एक, आणि आई गेल्यापासून बाबांची एक. बाबांच्या वहीत दोन रकाने असायचे, काय झालं आणि काय करायचं. पहिल्या रकान्यात मी लिहिलं, 'संगणक वाक्य अर्धवट सोडतो.' दुसरा रकाना पुढचे काही आठवडे नीट भरता आला नाही.

बाबा तेव्हा एकटे राहत होते, खडकी बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. मी कोथरूडला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी खडकीतच फ्लॅट घेतला, कारण तिथले रस्ते पायांना पाठ होते. काचबिंदू आहे हे निवृत्तीच्या आधीच कळलं होतं. नजर कडेकडेनं कमी होत जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, किती वर्षं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, सहा धरा, आठ धरा. बाबांनी सहा धरली.

त्या सहा वर्षांत त्यांनी एक संगणक घेतला. त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर बसवून घेतलं आणि दिसत असतानाच ते डोळे मिटून वापरायचा सराव सुरू केला. रोज सकाळी एक तास. माउस त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला. कुठली दोन बटणं एकत्र दाबली की बातमीचा मथळा येतो, कुठली दाबली की पुढचा परिच्छेद, हे सगळं बोटांना पाठ करत गेले. आईला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "अहो, आहे ती नजर वापरा ना. आत्तापासून आंधळं व्हायची कसली हौस?" बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "तहान लागल्यावर विहीर खणत नाहीत."

नजर गेली ती साधारण त्यांनी धरली होती तेव्हाच. त्यानंतर आई असेपर्यंत पेपर तीच वाचून दाखवायची, कारण तिला ते आवडायचं. पण ती गाळायची. अपघात गाळायची, ओळखीच्या वयाच्या माणसांच्या निधनाच्या बातम्या गाळायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि दुपारी ती झोपली की संगणकावर तोच पेपर पहिल्यापासून ऐकायचे. आई गेल्यावर मी फोनवरून वाचायला लागले, तर मीही गाळलंच. मला वेळ नसायचा म्हणून. ते लगेच म्हणायचे, "मधला एक परिच्छेद राहिला." मजकूर न बघता त्यांना ते कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. एकदा मला म्हणाले, "वाचून दाखवणारा कितीही जवळचा असला तरी काय वाचायचं ते तो ठरवतो. मला ते नको." ते रागानं म्हणाले नव्हते. नग नापास का केला त्याचं कारण लिहावं तसं म्हणाले.

आई गेली तेव्हाच आमच्यात एक ठराव झाला होता. मी त्यांना माझ्याकडे या म्हणत होते. दोन जिने, गॅस, न्हाणीघरातली निसरडी फरशी, अशी कारणं मी क्रमानं मांडली. त्यांनी ती ऐकली आणि सांगितलं, "मला माझं वाचता येतंय तोवर मी इथे. वाचता आलं नाही की तुझ्याकडे येतो. मग तू वाचशील तेवढं ऐकेन." मी कबूल केलं. दर काही महिन्यांनी मी विषय काढायचे आणि ते विचारायचे, "वाचता येतंय ना मला? मग."

म्हणून संगणक अडखळायला लागला ही साधी बिघाडाची बातमी नव्हती.

झालं होतं असं की पेपरांच्या पानांवर चित्रं, जाहिराती, आपोआप हलणाऱ्या पट्ट्या वाढल्या होत्या. संगणक जुना. त्यातली मेमरी, म्हणजे रॅम, जेमतेम दोन जीबीची. पान उघडलं की ती सगळी भरून जायची आणि वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जागाच उरायची नाही. तो सपाट आवाज अर्धं वाक्य म्हणायचा आणि गप्प व्हायचा. कधी अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटं. दिसणाऱ्या माणसाला निदान पडद्यावर फिरणारं वर्तुळ दिसतं, काहीतरी चाललंय हे कळतं. बाबांना नुसती शांतता. वीज गेली की यंत्र बिघडलं की आपलंच बटण चुकलं, काहीच कळायचं नाही. ते खुर्चीत ताठ बसून राहायचे, बोटं बटणांवर ठेवून. स्वयंपाकाच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं, साहेब सकाळी बसतात ते मी पोळ्या करून निघेपर्यंत तसेच बसलेले असतात.

मी नवीन संगणक आणते म्हणाले. त्यांनी नकार दिला. नवीन आणला की विंडोज नवीन येणार, सॉफ्टवेअर नवीन येणार, बटणांचे अर्थ बदलणार. "हे मी डोळे असताना शिकलो," ते म्हणाले. "आता नव्यानं कशाच्या आधारावर शिकू?" उरला एकच उपाय. आहे त्याच यंत्रात मेमरी वाढवायची.

आमच्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, शनिवार पेठेतच, एक दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेचे सगळे संगणक तिथेच जातात. मालक माझ्याच वयाचे. त्यांचे आजोबा त्याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे, वडील टीव्ही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी ते शटर अर्धं ओढून जातात आणि कुलूप लावत नाहीत, पेठेला ते माहीत आहे. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि रॅमची दोन जीबीची एक पट्टी द्या म्हणाले. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता सांगितलं, "मशीन घेऊन या."

मी म्हटलं, खडकीहून एवढा डबा आणायचा, रिक्षा बघायची, वायरी काढायच्या, पुन्हा जोडायच्या. मी सगळी माहिती लिहून आणते, तुम्ही त्याप्रमाणे द्या.

"मॅडम, यादी बघून किराणा देतात," ते म्हणाले.

मला राग आला. बावीस वर्षं मी एका शाळेची कचेरी यादीवर चालवली आहे. त्या रविवारी मी खडकीला गेले, बाबांना बाजूला बसवलं आणि संगणकाच्या डब्याचं झाकण उघडलं. मागचे दोन स्क्रू कुठले, ते त्यांनीच हातानं चाचपून दाखवले. आत धूळ. मी टॉर्च धरून रॅमच्या पट्टीवरचं सगळं उतरवून घेतलं. प्रकार डीडीआर तीन. क्षमता दोन जीबी. वेग तेराशे तेहतीस. पिना दोनशे चाळीस. जागा दोन, त्यातली एक रिकामी. संगणकाच्या जुन्या बिलाशी ताडून पाहिलं, जुळलं. वहीत वेगळ्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बाबांनी ती पट्टी हातात मागितली. कडेकडेनं बोट फिरवत त्यांनी खालच्या सोनेरी कडेतली खाच शोधली आणि एका टोकापासून ती किती अंतरावर आहे ते अंगठ्याच्या पेरानं मोजलं. "प्रकार वेगळा असेल तर खाच सरकलेली असणार," ते म्हणाले. "चुकीचा नग आत जाऊच नये म्हणून ठेवतात. आमच्याकडेही तसंच." कारखान्यात त्यांच्याकडे लोखंडी मापं असायची, त्यांना ते गेज म्हणत. एक 'गो' बाजू, ती नगात गेलीच पाहिजे. एक 'नो-गो' बाजू, ती जाता कामा नये. नग दोन्ही बाजूंनी लावून बघायचा, मगच त्यावर आपला शिक्का मारायचा. सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते नंतर. लहानपणी आमच्या घरात डब्यांची झाकणंही अशीच तपासली जायची.

यादी घेऊन मी बुधवार पेठेतल्या दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथे वापरलेले सुटे भाग मिळतात. हिंजवडीच्या कंपन्या जुनी यंत्रं काढून टाकतात, त्यातलं पुष्कळ सामान फिरून तिथे येतं. त्या माणसानं माझी यादी ओळीओळीनं वाचली, मागचा खोका उपसला, एक पट्टी काढून दिली. प्रकार तोच, क्षमता तीच, वेग तोच. मी प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण केली. विकलेला माल परत घेत नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. त्याला मी दोष देत नाही. मी मागितलं तेच त्यानं दिलं.

खडकीला आल्यावर पट्टी आधी बाबांच्या हातात दिली. त्यांनी जुनी डाव्या हातात, नवी उजव्या हातात घेतली. खाचेला खाच लावली. लांबी लावून बघितली. दोन्ही टोकांच्या छोट्या खोबणी तपासल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी जागा झालेला मी पाहिला. "बसेल," ते म्हणाले. आणि नंतर, हळू, "पास." रिकाम्या जागेत ती त्यांनी स्वतः बसवली. दोन्ही बाजूंच्या पकडी टक् टक् अशा लागल्या.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि डब्यातून एक लांब शिट्टी आली. थांबली. परत आली.

आम्ही बंद करून परत लावलं. जागा बदलून पाहिली. नवी पट्टी काढली की यंत्र पूर्वीसारखं सुरू व्हायचं, लावली की ती शिट्टी. चार वेळा केल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे." ते खुर्चीत मागे टेकले. "मी फक्त 'गो' बाजू लावून पाहिली. आत जातंय एवढंच बघितलं. आणि तू कागद बघितलास. दोघांनी मिळून नापास नग पास केला."

मग म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या तारखेला येतो तुझ्याकडे. तयारी कर."

संगम पुलावरून स्कूटरनं घरी येताना मला जे वाटत होतं ते इथे लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला हलकं वाटत होतं. चार वर्षं मी जे मागत होते ते मिळालं होतं, आणि त्यासाठी मला काही करावं लागलं नव्हतं. भांडावं लागलं नाही, त्यांना दुखवावं लागलं नाही. शनिवार पेठेतल्या दुकानदारांनी मशीन आणायला सांगितलं होतं हे मला चांगलं आठवत होतं. बाबांना मी ते सांगितलं नव्हतं. आणि आता सांगायची गरज नाही, असं मी पुलावरच ठरवून टाकलं.

घरी येऊन मी यादी केली. काय न्यायचं, काय द्यायचं, काय विकायचं. एकतीस ओळी झाल्या. संगणक 'द्यायचं' मध्ये होता.

पुढच्या रविवारी मी स्टीलची टेप घेऊन खडकीला गेले. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. आधी त्यांना पेपर वाचून दाखवायला बसले. मथळे झाले, मग अग्रलेख सुरू केला. मधे एक मोठा परिच्छेद होता, धरणांच्या पाण्याबद्दल. तो मी गाळला. या वेळी वेळ नव्हता म्हणून नाही. ते काय म्हणतात बघावं म्हणून. मी सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले आणि थांबले.

ते काही म्हणाले नाहीत. मान जराशी हलवली, पुढे वाच अशी.

मी पेपर संपवला आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या कपाटाचं माप घ्यायला लागले. काहीतरी हातानं करत राहणं मला बरं पडतं. टेप रुंदीला लावली, आकडा बघितला, बटण दाबलं. ती खर्र करून आत गेली. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"किती आलं?"

मी टेप पुन्हा ओढून आकडा बघितला. मग म्हणाले, "छत्तीस."

"इंच?"

"हो."

"तुझ्या आतल्या दाराची चौकट मोजलीस का? तीस असेल. कडेनं वळवून न्यावं लागेल. वरचा कप्पा काढून ठेव, त्याचे खिळे सुटलेत." मग त्यांनी विचारलं, "खोली कुठली देणार आहेस, रस्त्याकडची?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले, "चालेल."

त्यांनी एक शब्दही मला लागेल असा काढला नव्हता. ठराव झाला होता आणि ते तो पाळत होते, खिळ्यांसकट. मी टेप पर्समध्ये टाकली. मग बाहेर येऊन संगणकाच्या मागच्या वायरी काढायला लागले. कुठली वायर कुठल्या भोकात, ते कागदाचे तुकडे चिकटवून लिहून ठेवलं. बाबांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, "शनिवार पेठेतल्या दुकानात नेते. त्यांनी तेव्हाच मशीन आणायला सांगितलं होतं. मी आणलं नाही, आणि तुम्हाला सांगितलंही नाही."

"का?"

"यादी होती ना माझ्याकडे."

ते डबा उचलायला उठले. दोन जिने आम्ही दोघांनी तो उतरवला, ते पुढे, पाठमोरे, पायरी पायानं चाचपत, मी मागे. रिक्षात डबा मी मांडीवर घेतला.

दुकानदारांनी आधी मी विकत घेतलेली पट्टी हातात घेतली. दिव्याखाली तिरकी धरून म्हणाले, "हत्तीचा दात बकरीला बसवायला निघालात." मग मात्र नीट समजावून सांगितलं. ही पट्टी कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरमधली. खाच तीच, पिना तेवढ्याच, वेगही तोच. पण मधोमध एक जास्तीची चिप असते, ती मेमरीचा सगळा कारभार बघते. घरगुती बोर्डाला त्या चिपशी बोलताच येत नाही. बारीक अक्षरात पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. मी लिहून घेतलेल्या यादीत ती ओळच नव्हती, कारण जुन्या पट्टीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"प्रत्येक ओळ जुळत होती," मी म्हटलं.

"जुळत असेल. पण मॅडम, यादी चालू होत नाही. मशीन चालू होतं."

त्यांनी डबा उघडला, ब्रशनं धूळ काढली. जुन्या पट्टीची सोनेरी कडा खोडरबरनं घासून लखलखीत केली. ड्रॉवरमधून एकेक पट्टी काढून लावायला लागले. पहिली चार जीबीची होती, म्हणजे एकदम जास्त. यंत्रानं ती ओळखलीच नाही. ते म्हणाले, हा बोर्ड जुना आहे, एका जागेत दोनच घेतो. दोन आणि दोन चार, त्याच्या वर तो जाणार नाही, कितीही खर्च केलात तरी. दुसरी सुरू झाली, पण तपासणीला लावल्यावर काही वेळानं पडद्यावर चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. ती त्यांनी वेगळ्या डब्यात टाकली. तिसरी जुन्या पट्टीच्याच कंपनीची निघाली. ती लावून ते म्हणाले, ही आज रात्रभर तपासणीला राहू दे, उद्या शाळा सुटल्यावर या.

निघताना त्यांनी विचारलं, वडील यावर काय करतात. पेपर ऐकतात, मी सांगितलं. दिसत नाही. एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तेव्हा यंत्र सुरू होतं आणि पडदा बंद होता. मला वाटलं, परत काही बिघडलं. तेवढ्यात त्या सपाट आवाजात अग्रलेखाचं वाक्य ऐकू आलं. दुकानदार दुसऱ्या टेबलावर कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसले होते. म्हणाले, "पडदा बघून कशाला तपासू? ते थोडेच बघणार आहेत." दुपारपासून ते तसंच ऐकत काम करत होते. एकाच वेळी पाच पानं उघडून ठेवली होती. आवाज कुठे अडला नव्हता. एक अडचण त्यांनी सांगितली. हा बोर्ड आता भरला. पानं दरवर्षी जड होत जातात. दोन वर्षं, फार तर तीन, मग हेच परत सुरू होईल आणि तेव्हा हा उपाय नसेल.

मी डबा घेऊन तशीच खडकीला गेले. वायरी चिकटवलेल्या कागदांप्रमाणे जोडल्या. बाबा जवळ उभे होते, बसायला तयार नव्हते. बटण दाबल्यावर सुरू होण्याची नेहमीची धून वाजली. मग आवाजानं वेळ सांगितली. बाबा बसले. त्यांनी पेपरचं पान उघडलं, मथळे एकामागून एक गेले. मधेच दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं, मुद्दाम. आवाज चालत राहिला. त्यांनी तो मधे थांबवला, स्वतःच्या बोटानं.

"चाललं," ते म्हणाले. 'पास' म्हणाले नाहीत.

मी दुकानदारांनी सांगितलेली मर्यादा सांगितली. दोन वर्षं, फार तर तीन. ते ऐकून घेतल्यावर मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी ती शिट्टी वाजली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. बोटं बटणांवर नुसती फिरत होती, दाबत नव्हती.

"मलाही," ते म्हणाले.

मी स्टूल जवळ सरकवलं.

"चहा गाळताना हात भाजतो. रोज नाही, पण भाजतो. पावसात जिना चढताना भीती वाटते. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस." त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन डाग होते. एक जुना, एक अजून लालसर. दर आठवड्याला मी त्या घरात येत होते. मला ते दिसले नव्हते. "शिट्टी वाजली तेव्हा वाटलं, चला, आता आपल्याला ठरवायला नको. यंत्रानंच ठरवलं." त्यांनी बाही खाली ओढली. "पण बरं वाटलं म्हणून पास करायचं नसतं. तूही नाही, मीही नाही."

मी विचारलं, मग काय करायचं.

त्यांनी सांगितलं ते असं. विजेची किटली आणायची, गाळायची भानगड नको, चहाच्या पिशव्या. पावसाळ्यात ते जिना उतरणार नाहीत, भाजी वर मागवतील. मी रोज फोन करायचा, तो चालू राहू दे, पण वाचायला नको. "आणि पुढच्या वेळी हे यंत्र थांबलं की मी येईन. तेव्हा नवीन पट्टी शोधायची नाही. पण थांबलं हे मी सांगेन. तू नाही सांगायचं."

मी कबूल केलं. वही काढली नाही.

निघते असं सांगायला दारात थांबले. त्यांनी परत आवाज सुरू केला होता. मी ज्यातला धरणांच्या पाण्याचा परिच्छेद गाळला होता तो कालचा अग्रलेख त्यांनी शोधून काढला होता. पूर्ण ऐकत होते, डोळे मिटून, पूर्वी सरावाला बसायचे तसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता नेहमीप्रमाणे मी फोन केला. बराच वेळ वाजला. मला नको ते वाटून गेलं, जिना, गॅस. शेवटी त्यांनी उचलला. मागे तो सपाट आवाज चालूच होता.

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "वाचतोय." आणि फोन ठेवला.